भूकंपाच्या बातमीतला तिसरा आकडा कसा वाचायचा?

भूकंप झाला की काही मिनिटांत मोबाइलवर पोस्ट येते. तीव्रता, अक्षांश, रेखांश, खोली. अक्षांश-रेखांश आपण लगेच नकाशावर टाकतो आणि आपलं गाव तिथून किती लांब ते बघतो. खोलीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण नकाशा म्हणजे पृथ्वीची फक्त साल. भूकंप होतो तो आत, आणि भरीव गोलाच्या आतली जागा सांगायला तीन आकडे लागतातच.

डोळ्यांसमोर कलिंगड आणा. मध्यापासून सालीपर्यंत साधारण १३ सेंटीमीटर. अक्षांश आणि रेखांश मिळून सालीवरचा एक ठिपका ठरतो, त्याला अपिकेंद्र म्हणतात. त्या ठिपक्यावर सुई टोचा आणि थेट मध्याच्या दिशेने आत ढकला. सुई जितकी आत गेली, ती खोली. तिचं टोक म्हणजे भूकंपाची नाभी. खडक तुटायला सुरुवात झाली ती इथून. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणून या कलिंगडात १ सेंटीमीटर म्हणजे जवळपास ५०० किलोमीटर. (गणितात बहुतेकदा मध्यापासूनचं अंतर घेतात. ६,३७१ मधून खोली वजा केली की ते मिळतं.)

पाठ्यपुस्तकातलं अर्ध्या कापलेल्या पृथ्वीचं चित्र मात्र जरा फसवतं. त्यात गाभा जवळजवळ ३० टक्के जागा व्यापतो. घनफळात तो भरतो १६ टक्केच! निम्म्या त्रिज्येचा आतला गोल हा अख्ख्या गोलाचा फक्त आठवा हिस्सा असतो. बहुतेक ऐवज सालीच्या बाजूलाच.

आता दोन सुया टोचू. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी: सुमारे १८ अंश उत्तर, ७६.५ अंश पूर्व, खोली १० किलोमीटर किंवा त्याहूनही कमी. कलिंगडात हे भरतात ०.२ मिलिमीटर, म्हणजे सुई धड टोचलीही नाही. तीव्रता ६.२, बळी सुमारे १० हजार. दुसरी सुई रशियाच्या पूर्वेला, ओखोत्स्क समुद्राखाली, २४ मे २०१३. खोली सुमारे ६०० किलोमीटर, सुई १.२ सेंटीमीटर आत, सालीखालच्या पांढऱ्या भागात. तीव्रता ८.३, ऊर्जा किल्लारीच्या हजारपटीहून जास्त. धक्का पार मॉस्कोपर्यंत जाणवला, पण जीवितहानी झाली नाही. किल्लारीत पहाटेची झोपेची वेळ होती, घरं दगडमातीची होती. ओखोत्स्कच्या डोक्यावर समुद्र होता. हे सगळं खरं. तरी ६०० किलोमीटर खडक पार करून वर येईपर्यंत लाटांचा जोर पसरून विरळ होतो, हा फरक मोठा आहे.

काढायला सर्वांत अवघड आकडाही हाच. भूकंपमापक बसवलेले असतात ते सालीवर किंवा तिच्या अगदी लगत. नाभी उथळ असेल आणि जवळपास भूकंपमापक नसेल, तर खोली थोडी कमीजास्त धरली तरी लाटा पोचण्याच्या वेळांचं गणित जवळपास तितकंच जुळतं. अशा वेळी अमेरिकेची यूएसजीएस ही संस्था अनेकदा खोली १० किलोमीटर धरून चालते. त्यामुळे पोस्टमध्ये नेमकं ‘१० किमी’ दिसलं, तर तो मोजलेला आकडा असेलच असं नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘उथळ’ एवढाच असतो.