पेन ड्राइव्हवरील कूटबद्ध संगणक: रचना, उभारणी आणि मर्यादा

पेन ड्राइव्हवर संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम बसवून, तो कूटबद्ध करून आणि त्यातच आभासी संगणक चालवून आपला सारा कारभार खिशातून नेण्याची पद्धत आता सर्वसामान्य वापरकर्त्याच्याही आवाक्यात आली आहे. त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहेत. हरवलेल्या पेन ड्राइव्हमधील माहिती परक्याच्या हाती पडू नये, हा या पद्धतीचा मुख्य हेतू आहे. मात्र हे कुलूप कोणत्या धोक्याला अडवते आणि कोणत्या धोक्यापुढे निरुपयोगी ठरते, हे समजून न घेता केलेली उभारणी खोटा दिलासा देणारी ठरते.

गरज कोणाला?

म्हैसूर-नंजनगूड मार्गावरील कडकोळची औद्योगिक वसाहत असो वा पुण्याजवळचे चाकण, यंत्रांच्या देखभालीसाठी कारखान्यांतून फिरणाऱ्या तंत्रज्ञांना दररोज दुसऱ्याच्या संगणकावर काम करावे लागते. हिशेबनीस, वकील, पत्रकार, संशोधक आणि परगावी शिकणारे विद्यार्थी यांचीही स्थिती वेगळी नाही. अशिलाची कागदपत्रे, रुग्णांच्या नोंदी किंवा पगारपत्रके साध्या पेन ड्राइव्हमध्ये असतील, तर तो ज्याला सापडेल त्याला ती वाचता येतात.

या धोक्याचे गांभीर्य देशाने अनुभवले आहे. नौदलाच्या वॉर रूममधील गोपनीय माहिती पेन ड्राइव्हद्वारे बाहेर गेल्याचे प्रकरण २००५ मध्ये उघडकीस आले आणि त्याचा तपास २००६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘यूएसबी प्रतिरोध’ ही प्रणाली फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने नागरिकांसाठी खुली केली. परवानगी नसलेला पेन ड्राइव्ह संगणकाला जोडू न देणे, हे तिचे काम आहे.

तीन स्वतंत्र कल्पना

या रचनेत तीन वेगवेगळ्या कल्पना एकत्र येतात.

पहिली कल्पना बूट होणाऱ्या ड्राइव्हची. संगणक सुरू होताना आतील हार्ड डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवरील ऑपरेटिंग सिस्टीम स्मृतीत घेतो. आतील विंडोज सुरूच होत नसल्याने तिच्यात दडलेला विषाणूही जागा होत नाही. विषाणूनाशक सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी या गुणाचा फार पूर्वीपासून उपयोग करून घेतला आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी पुण्यात उभारलेल्या क्विक हील या कंपनीचे ‘इमर्जन्सी डिस्क’ हे साधन याच तत्त्वावर चालते. बाधित विंडोज बंद ठेवून बाहेरून तिची तपासणी केली जाते. जर्मनीचे क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये तयार केलेल्या ‘नॉपिक्स’ने सीडीवरून थेट चालणारी लिनक्स जगभर लोकप्रिय केली. पुढे सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली.

दुसरी कल्पना कूटबद्धतेची. ड्राइव्हवर लिहिला जाणारा प्रत्येक भाग गणिती किल्लीच्या साह्याने अर्थहीन दिसणाऱ्या अंकांत बदलला जातो. यासाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी ‘एईएस’ ही पद्धत बेल्जियमच्या योआन डेमन आणि विन्सेंट राइमन यांनी तयार केली असून अमेरिकेच्या मानक संस्थेने नोव्हेंबर २००१ मध्ये तिला मान्यता दिली. २५६ बिटांच्या किल्लीसाठी शक्य असलेल्या पर्यायांची संख्या ७८ अंकी आहे. लिनक्समध्ये संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्यासाठी २००४ पासून विकसित होत आलेली ‘लक्स’ ही रचना वापरतात. विंडोजवर ‘बिटलॉकर’, तर दोन्हीकडे चालणारे ‘व्हेराक्रिप्ट’ हे पर्याय आहेत. व्हेराक्रिप्टचा पूर्वज असलेल्या ‘ट्रूक्रिप्ट’चा विकास मे २०१४ मध्ये अचानक थांबविण्यात आला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत त्याची शिफारस आढळली, तरी नव्या कामासाठी तो वापरू नये.

तिसरी कल्पना आभासी संगणकाची. एका संगणकाच्या आत, केवळ सॉफ्टवेअरच्या आधारे, दुसरा संगणक उभा केला जातो. त्याची डिस्क म्हणजे बाहेरच्या संगणकावरील एक मोठी फाइल असते. लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून समाविष्ट असलेली ‘केव्हीएम’ आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले ‘व्हर्च्युअलबॉक्स’ ही यासाठीची परिचित साधने होत. बँकेचे व्यवहार एका आभासी संगणकात, अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या फाइल दुसऱ्यात आणि इंटरनेटशी संबंधच नसलेले लेखन तिसऱ्यात, अशी विभागणी त्यामुळे शक्य होते. हाच विचार संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमचा पाया मानून पोलंडच्या जोआना रुत्कोव्स्का यांनी ‘क्यूब्ज’ ही प्रणाली विकसित केली.

उभारणीपूर्वीची तयारी

साधा स्वस्त पेन ड्राइव्ह या कामाला पुरा पडत नाही. आभासी संगणक सतत लहान-लहान नोंदी लिहीत असल्याने असा ड्राइव्ह अतिशय मंद चालतो आणि लवकर निकामी होतो. यूएसबी ३ किंवा त्यापुढील जोडणीची, किमान १२८ गीगाबाइट क्षमतेची बाह्य एसएसडी घेणे श्रेयस्कर ठरते. ज्या संगणकावर ती चालवायची, त्याची स्मृती आठ गीगाबाइट असेल तर एक आभासी संगणक बऱ्यापैकी चालतो. एकाच वेळी दोन-तीन चालवायचे असल्यास १६ गीगाबाइट लागते. तसेच संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये आभासीकरणाची सोय सुरू असावी लागते.

नवा ड्राइव्ह आरंभीच कूटबद्ध करावा. फ्लॅश स्मृतीतील नियंत्रक झीज समान राहावी म्हणून नोंदी वेगवेगळ्या जागी हलवत असतो. परिणामी पूर्वी उघड स्वरूपात ठेवलेली फाइल पुसल्यानंतरही तिचे अवशेष राखीव जागेत उरण्याची शक्यता असते.

उभारणीचा क्रम

पुढील क्रम डेबियन लिनक्स गृहीत धरून दिला आहे. सी-डॅकने २००७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली आणि मराठीसह भारतीय भाषांना वाव देणारी ‘बॉस’ ही स्वदेशी प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

१. डेबियनची प्रतिमा-फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. तिची एसएचए-२५६ किंवा एसएचए-५१२ ही पडताळणी संख्या आणि डिजिटल स्वाक्षरी जुळते का, ते तपासावे. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. परंतु मूळ फाइलच बदललेली असेल तर पुढील सर्व श्रम वाया जातात.

२. ही फाइल एका लहान पेन ड्राइव्हवर लिहावी. त्याचा उपयोग फक्त स्थापनेपुरता आहे. प्रत्यक्ष प्रणाली दुसऱ्या, मोठ्या ड्राइव्हवर बसवायची असते.

३. शक्य असल्यास संगणकातील मूळ डिस्क काढून ठेवावी किंवा सेटिंगमधून बंद करावी. तसे न केल्यास चुकीची डिस्क पुसली जाण्याचा किंवा प्रणाली सुरू करणारा छोटा भाग मूळ डिस्कवर लिहिला जाण्याचा धोका असतो. दुसऱ्या प्रकारात नवा ड्राइव्ह अन्य कोणत्याही संगणकावर सुरू होत नाही.

४. डिस्कच्या विभागणीचा प्रश्न येताच ‘संपूर्ण डिस्क, कूटबद्ध एलव्हीएमसह’ हा पर्याय निवडावा. यामुळे फाइलींबरोबर स्वॅपचा भागही कूटबद्ध होतो. स्मृतीतील मजकूर तात्पुरता स्वॅपमध्ये उतरत असल्याने तो उघडा राहिल्यास पासवर्ड आणि पत्रे तेथे सापडू शकतात.

५. प्रणाली सुरू करणारा भाग काढता येण्याजोग्या ड्राइव्हच्या प्रमाणित जागी बसवावा. डेबियन २०१९ पासून ‘सिक्युअर बूट’सह चालत असल्याने ती सुरक्षा बंद करण्याची सहसा गरज भासत नाही.

६. स्थापना पूर्ण झाल्यावर केव्हीएम आणि त्याचा चित्रमय व्यवस्थापक बसवून आभासी संगणक तयार करावेत. त्यांच्या डिस्क-फाइली कूटबद्ध भागातच असल्याने त्यांना वेगळे कुलूप लावणे अनिवार्य नाही. सामायिक फोल्डर आणि सामायिक क्लिपबोर्ड या सोयी गरजेपुरत्याच सुरू कराव्यात, कारण वेगळेपणाच्या भिंतीत त्या दारे पाडतात.

७. लक्सच्या शीर्षनोंदीची प्रत वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवावी. ही काही मेगाबाइटांची नोंद बिघडल्यास पासवर्ड बरोबर असूनही माहिती कायमची हरवते. अर्थात, पासवर्ड जाणणारा या प्रतीचाही वापर करू शकतो, याचे भान ठेवावे.

परवलीचे वाक्य आणि मराठी कळफलक

गणिती कुलूप फोडण्यापेक्षा पासवर्ड ओळखणे नेहमीच सोपे असते. जन्मतारीख, गावाचे नाव, प्रसिद्ध गीताची ओळ किंवा म्हण सुरक्षित नाही, कारण पासवर्ड शोधणारे सॉफ्टवेअर अशा याद्या आधीच बाळगते. परस्परांशी संबंध नसलेले सहा शब्द फासे टाकून निवडणे ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. प्रत्येक शब्दासाठी पाच वेळा फासा टाकल्यास ७,७७६ शब्दांच्या यादीतून निवड होते. असे सहा शब्द घेतल्यास शक्यतांची संख्या २२ वर बावीस शून्ये इतकी होते.

मराठी वापरकर्त्यांसाठी येथे एक विशेष अडचण आहे. परवलीचे वाक्य विचारले जाते तेव्हा संपूर्ण प्रणाली सुरू झालेली नसते आणि बहुधा रोमन कळफलकच उपलब्ध असतो. त्यामुळे देवनागरीत ठरविलेले वाक्य तेथे लिहिता येत नाही. मराठी शब्द रोमन लिपीत लिहायचे ठरविल्यास ‘ज्ञान’, ‘वीज’ यांसारख्या शब्दांचे एकाहून अधिक प्रकारे लेखन होते. प्रत्येक शब्दाचे एकच स्पेलिंग आधी निश्चित करावे आणि पहिल्या आठवड्यात, ड्राइव्हवर महत्त्वाचे काही ठेवण्यापूर्वी, ते वारंवार लिहून पाहावे. हे वाक्य विसरल्यास ते परत मिळवून देणारी कोणतीही यंत्रणा नाही.

कुलूप कोठे अपुरे पडते?

कूटबद्धतेचे संरक्षण ड्राइव्ह बंद असतानाच पूर्ण असते. संगणक सुरू असताना किल्ली स्मृतीत असते. संगणक बंद केल्यावरही ती काही क्षण टिकते आणि वाचता येते, हे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. म्हणून काम संपल्यावर संगणक झोपेच्या अवस्थेत न ठेवता पूर्ण बंद करणे आवश्यक आहे.

आभासी संगणकाबाबतचा गैरसमज सर्वाधिक घातक आहे. परक्या संगणकाच्या विंडोजमध्येच व्हर्च्युअलबॉक्स सुरू करून त्यात काम केले, तर बाहेरच्या विंडोजमधील हेरगिरीचे सॉफ्टवेअर प्रत्येक कळ आणि पडद्यावरील प्रत्येक चित्र टिपू शकते. आतला संगणक बाहेरच्याला सहसा धोका देत नाही. बाहेरचा मात्र आतले सर्व काही पाहतो. पेन ड्राइव्हवरून थेट प्रणाली सुरू केल्यास हा धोका टळतो. तरीही कळफलकाच्या वायरला जोडलेले नोंद-यंत्र किंवा संगणकाच्या मूळ फर्मवेअरमधील बदल यांपुढे हा उपायही चालत नाही. ज्या यंत्रावर मुळीच विश्वास नाही, त्यावर परवलीचे वाक्य लिहू नये, हाच त्यावरील मार्ग आहे.

यूएसबी जोडणीही निर्धोक नाही. पेन ड्राइव्हचा नियंत्रक बदलून त्याला कळफलक असल्याचे सोंग घ्यायला लावता येते, हे जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये सिद्ध केले. रस्त्यात सापडलेला किंवा भेट मिळालेला ड्राइव्ह या कामासाठी वापरू नये.

कार्यालयातील संगणकावर असा ड्राइव्ह चालविण्यापूर्वी तेथील परवानगी घेणे इष्ट. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट बदलल्यास त्या संगणकाचे बिटलॉकर ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकते. ती हाताशी नसल्यास मालकाचे काम ठप्प होते.

कायद्याची बाजू

भारतात स्वतःची माहिती कूटबद्ध करणे गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. दुसरीकडे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी सक्षम अधिकारी माहिती उलगडून देण्यास साह्य करण्याचा आदेश देऊ शकतात. तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कूटबद्ध संदेशांची मूळ प्रत नागरिकांनी ९० दिवस जपून ठेवावी, असे सुचविणारा राष्ट्रीय धोरणाचा मसुदा सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टीकेनंतर तो तत्काळ मागे घेण्यात आला.

इतरांची माहिती सांभाळणाऱ्या संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली आहे.

कूटबद्ध ड्राइव्ह हरवला तर माहिती चोराच्या हाती पडत नाही, पण ती मालकाच्याही हातून जाते. म्हणून दुसऱ्या कूटबद्ध ड्राइव्हवर नियमितपणे प्रत घेणे आणि ती प्रत खरोखर उघडते का, हे अधूनमधून पाहणे हा या व्यवस्थेचा अखेरचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.