नव्या यंत्राची पहिली कळ

सुटे भाग जुळवून शाळेत नवा संगणक उभा केला, कळ दाबली, पंखा फिरला. पडदा मात्र काळाच! मग आमच्या देवळीकडच्या गुरुजींना घाम फुटतो. पैसा गावाचा, आणि बोल लागतो हात लावणाऱ्याला. पुष्कळदा यंत्र तसेच झाकून ठेवतात.

श्रोतेहो, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या तरुण सहकाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी एकदम मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आधी लहानसे प्रायोगिक यंत्र बांधले. ते १९५६ साली चालले. मोठा 'टिफ्रॅक' १९६० साली कामाला लागला. जुन्या रेडिओत असत तसले २,७०० व्हॉल्व्ह आणि १२,५०० रोधक त्यात होते! व्हॉल्व्ह जायचे तेही बहुधा सुरू करताना, तापतेवेळी. एवढ्या पसाऱ्यात दोष शोधायचा कसा? १८ फूट लांबीचा तो पोलादी सांगाडा भागाभागांनी जोडला होता, आणि प्रत्येक भागाला दोन्ही अंगांनी दारे होती. दार उघडावे, तेवढेच तपासावे.

तुम्हीही तसेच करा. पंखा फिरला म्हणजे सगळीकडे वीज पोचली असे नव्हे. प्रोसेसरच्या विजेची जोडणी निराळी असते आणि नेमकी तीच राहून जाते. आधी भिंतीवरचा प्लग काढा, ती जोडणी पाहा. मग रॅमची एकच पट्टी ठेवा, खट् वाजेपर्यंत नीट बसवा, आणि पुन्हा कळ दाबा.