चक्रीय अर्थव्यवस्था (कल्याण-डोंबिवली)

वापरून झालेली वस्तू टाकून न देता ती पुन्हा उत्पादनात आणण्याची पद्धत. कल्याण-डोंबिवलीत तिचा हरितगृह वायूंशी असलेला संबंध सर्वांत ठळक दिसतो तो ओल्या कचऱ्यात. खरकटे, भाजीची देठे, निर्माल्य ढिगाखाली दबले की हवेअभावी कुजतात व मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापमानवाढ घडवतो. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीला वारंवार लागणाऱ्या आगींमागे हाच ज्वलनशील वायू एक कारण होता. धूर मात्र रहिवाशांच्या वाट्याला येई. घनकचऱ्याच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये येथील नव्या बांधकामांना मनाई केली होती. महापालिकेने 2020 मध्ये शून्य कचरा मोहीम हाती घेतली आणि 2021 मध्ये आधारवाडीत कचरा टाकणे थांबवले. बायोगॅस प्रकल्पात तोच मिथेन बंद टाकीत कोंडून इंधन म्हणून जाळतात, उरलेली मळी खताला जाते. सुक्या कचऱ्याचे चक्र मात्र भंगारवाल्यांनी महापालिकेच्या कितीतरी आधीपासून फिरते ठेवले आहे. रद्दी, पत्रा, ॲल्युमिनियम यांपैकी ॲल्युमिनियमचा लाभ मोठा: ते भंगारातून वितळवायला खनिजापासून काढण्याच्या तुलनेत सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते.