पहिलं नाव म्हणजे खरं नाव नव्हे

आजचा भाग भुसावळजवळच्या दीपनगरपासून सुरू करतो. औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांखाली वसलेलं हे गाव राज्याला वीज देतं. पण ‘बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू’ असा मेसेज आला, की इथल्या माणसालाही घाम फुटतो. २०२२ मध्ये असे बनावट मेसेज राज्यभर फिरले. दिलेल्या नंबरवर फोन केला, की समोरचा एक अ‍ॅप टाकायला लावायचा. त्या अ‍ॅपमधून मोबाईलचा ताबा त्याच्याकडे, आणि खातं रिकामं.

आता तुम्ही म्हणाल, मेसेजवर विश्वास न ठेवता गुगलवर नंबर शोधला तर? खरी गोम तिथेच आहे.

१९६० साली विद्युत मंडळ स्थापन झालं. पाटी एकच: एमएसईबी. ६ जून २००५ ला मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. दीपनगरची चिमणी महानिर्मितीची, घरातलं बिल मात्र महावितरणचं. लोकांच्या तोंडी अजून एमएसईबीच. माणूस सर्चमध्येही तेच जुनं नाव टाकतो आणि जे सगळ्यात वर दिसेल ते उघडतो. माझ्या मते, भामट्यांना हीच फट पुरते.

कारण वरची जागा विकत मिळते. गुगलने २००० सालीच सर्चशेजारी जाहिराती विकायला सुरुवात केली. २००७ मध्ये गुगलच्याच संशोधकांनी ४५ लाख संशयित पानं बारकाईने तपासली. त्यातली साडेचार लाख अशी निघाली, की नुसतं पान उघडलं तरी घातक सॉफ्टवेअर आपोआप कॉम्प्युटरमध्ये उतरावं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला: भामटे नामांकित कंपनीच्या नावाने जाहिरात घेतात, हुबेहूब तसंच पान बनवतात आणि डाउनलोडमधून मालवेअर देतात.

आपल्याकडेही हे घडलंय. २०१८ मध्ये गुगल मॅप्सवर बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे नंबर बदलून ठाण्यात लोकांना फसवल्याच्या तक्रारी आल्या. २०२५ मध्ये गाड्यांच्या नव्या सुरक्षा नंबरप्लेटसाठी झुंबड उडाली, तेव्हा बनावट वेबसाइट उगवल्या आणि परिवहन विभागाला सावध करावं लागलं. जिथे सरकारी मुदत आणि घाई, तिथे खोटी पाटी.

मग करायचं काय? बिलासाठी सर्च करूच नका, पत्ता स्वतः टाइप करा: महाडिस्कॉम डॉट इन. पत्ता वाचताना पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघा; खरा मालक तिथे कळतो. ‘महाडिस्कॉम’ला बिल, पे, हेल्प असं शेपूट जोडलेलं असेल, तर ते दुकान दुसऱ्याचं. ‘प्रायोजित’ लिहिलेला निकाल सोडून द्या. फोनवरच्या माणसाने सांगितलेलं अ‍ॅप घेऊ नका. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. तिथे मिनिटा-मिनिटाला किंमत आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं जरूर ऐकवा. भेटू पुढच्या भागात.