मद्रासची नभोवाणी आणि घरोघरचा परवाना

मायलापुरात ज्या घराच्या मागल्या बाजूस आम्ही भाड्याने राहतो, त्या घराचे मालक टपालखात्यातून निवृत्त झालेले वयोवृद्ध गृहस्थ आहेत. येथील रीतीस धरून आम्ही त्यांना ‘मामा’ म्हणतो; शब्द आपल्याकडचाच असल्यामुळे तो उच्चारताना परकेपणा वाटत नाही. येथला खरा पाऊस कार्तिकात पडतो हे मद्रासेस बदलून आलेल्या प्रत्येक मराठी माणसास पहिल्याच वर्षी कळून चुकते. गेल्या कार्तिकात मामांच्या माळ्यावर पाणी झिरपले, तेव्हा तेथली एक पत्र्याची पेटी खाली उतरविण्यास मी हात दिला. पेटीत जुन्या पावत्या, कुंडल्या, लग्नपत्रिका आणि तळाशी एक लहानसे पुस्तक होते. त्याच्या पानांवर तिकिटे चिकटविलेली असून प्रत्येकावर टपालकचेरीचा शिक्का होता. तो घरच्या रेडिओचा परवाना होता. “हे पुस्तक घरात नसते, तर आमचा रेडिओ चोरीच्या मालासारखाच होता,” असे मामा हसत म्हणाले. ज्यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे टपालकचेरीच्या खिडकीमागे बसून असली तिकिटे विकली, त्यांच्याच तोंडचे हे वाक्य असल्यामुळे ते माझ्या मनातून जाईना.

घरात यंत्र आहे एवढ्याच कारणावरून कुटुंबाकडून दरवर्षी पैसा घ्यावा काय? आपल्याकडे हा प्रश्न १९८५ साली परवाने रद्द झाल्यामुळे मिटला. इंग्लंडात दूरचित्रवाणीवर ती फी अद्याप चालू आहे आणि तिच्यावरचा वादही चालूच आहे. फीच्या बाजूने व विरुद्ध बोलणारे बहुधा तत्त्वे सांगतात. आपण ज्या शहरात चाकरीनिमित्त राहतो, त्या शहराने नभोवाणीचा खर्च भागविण्याचे बहुतेक सारे मार्ग स्वतः चालून पाहिले आहेत. तेव्हा तो अनुभव आधी पाहावा हे बरे.

१६ मे १९२४ रोजी सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी ह्यांच्या पुढाकाराने ‘मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब’ स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या ३१ जुलैस त्याचे कार्यक्रम सुरू झाले. प्रक्षेपक अवघा चाळीस वॅटचा, म्हणजे आजच्या एका दिव्याएवढ्या शक्तीचा. क्लबाचा आधार हौशी सभासद आणि त्यांची वर्गणी हा होता. नाटकमंडळीस तिकीट न घेणाऱ्यास दारावर अडविता येते, ग्रंथालयास वर्गणी न भरणाऱ्यास पुस्तक नाकारता येते; पण हवेतून जाणारे गाणे सभासदाच्या घरी जेवढे ऐकू येते तेवढेच शेजारच्या बिगर सभासदाच्याही घरी ऐकू येते. ह्या एका अडचणीपुढे चेट्टींची सारी हौस थिटी पडली. पैशाअभावी १९२७ साली क्लबाचे प्रक्षेपण बंद झाले आणि प्रक्षेपक शहराच्या महापालिकेकडे गेला.

मुंबईत त्याच वर्षी दुसरा मार्ग अवलंबिला गेला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. ऑगस्टात कलकत्त्याचे केंद्र निघाले. येथे परवाना होता. प्रत्येक संचामागे वर्षाला दहा रुपये, पैकी आठ कंपनीचे. कागदावर योजना निर्दोष दिसते. परंतु १९२९ च्या अखेरीस साऱ्या देशात परवाने होते सुमारे पावणेआठ हजार. आठ रुपयांप्रमाणे वर्षाचे बासष्ट हजार रुपये होतात, आणि तेवढ्यात दोन मोठ्या शहरांतील केंद्रे, त्यांतील गवई, वाजंत्री आणि इंजिनियर पोसावयाचे होते. आयात होणाऱ्या संचांच्या किमतीवरही कंपनीस दहा टक्के मिळत. पण मुळात संचच थोडे येत, आणि जे येत त्यांचे मालक सर्वच काही परवाना घेत नसत. १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले.

सरकारने कंपनीची केंद्रे १ एप्रिल १९३० रोजी आपल्याकडे घेतली. नेमक्या त्याच दिवशी मद्रासच्या महापालिकेने आपली नियमित नभोवाणी सुरू केली. हा प्रयोग महाराष्ट्रात फारसा कोणास ठाऊक नाही, आणि माझ्या मते आपल्या नभोवाणीच्या इतिहासातील तोच सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. सायंकाळी साडेपाच ते साडेसात हा रोजचा कार्यक्रम. शाळेच्या दिवशी दुपारी चार ते साडेचार मुलांसाठी संगीताचे पाठ आणि गोष्टी. रविवारी व सुट्टीच्या दिवशी सकाळी एक तास संगीत. महिन्यातील पहिल्या सोमवारी युरोपियन रहिवाशांसाठी त्यांच्या तबकड्या. आणि हे ऐकण्यासाठी घरी संच असण्याची गरज नव्हती, कारण मरीनाच्या किनाऱ्यावर आणि शहरातील उद्यानांत महापालिकेने ध्वनिवर्धक उभारले होते. दिवसभर उन्हाने तापलेला माणूस वारा खाण्यास समुद्रावर येई आणि वाळूत बसून वीणा ऐके. शेजारी वकील बसला आहे की गाडीवान, हे तेथे कोणी विचारीत नसे.

ह्या व्यवस्थेचा खर्च महापालिका चालवी. महापालिकेचे उत्पन्न घरपट्टीसारख्या करांतून येते, आणि घरपट्टी घराच्या ऐपतीप्रमाणे बसते. नभोवाणीची परवाना फी मात्र बंगलेवाल्यास जेवढी तेवढीच कारकुनास. दुसरे असे की, कार्यक्रम वाईट झाले तर आपल्या विभागाच्या सभासदास रस्त्यात गाठून चार शब्द सुनावण्याची सोय नागरिकास होती. तत्कालीन मताधिकार अगदी अपुरा होता, आणि वाळूत बसलेल्या गाडीवानाला बहुधा मत नव्हतेच, हे येथे नमूद केले पाहिजे. तरी ज्याच्याकडे जाब मागावयाचा तो माणूस शहरात होता, दिल्लीत नव्हता.

ह्याच काळात दिल्लीत दुसरेच वारे वाहत होते. १९३३ सालचा इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. त्यातील मुख्य कलम असे की, परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच अपराध. पहिल्या अपराधास शंभर रुपयांपर्यंत दंड, आणि संशय आल्यास झडतीचाही अधिकार. मामांचे ‘चोरीच्या माला’चे वाक्य विनोद नव्हता, कायद्याचाच तो सरळ अर्थ होता. पुढे १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले आणि महापालिकेची नभोवाणी थांबली. नवे केंद्र अधिक समर्थ होते, त्याच्या संगीताने दक्षिणेत मोठे काम केले, हे कोणीही मान्य करील. परंतु श्रोत्याचे नाते आता शहराशी न राहता परवान्याच्या पुस्तकाशी जडले.

स्वातंत्र्य आले तेव्हा देशात सुमारे पावणेतीन लाख संच होते. पुढे फी पंधरा रुपये झाली. स्वस्त संचांना साडेसात. टपालकचेरीत रांग लावावी, तिकीट चिकटवून घ्यावे, उशीर झाल्यास अधिभार भरावा. आमच्या सातारा जिल्ह्यातील गावी आजोबांचा एक ट्रान्झिस्टर होता. तपासनीस आल्याची नुसती हूल उठली तरी आजी तो गोधडीत गुंडाळून धान्याच्या कणगीआड ठेवी. एकदा घाईत बंद करावयाचा राहिला आणि गोधडीतून बातम्या ऐकू येऊ लागल्या. हा किस्सा आमच्या घरी अजून सांगतात. आजोबा कर बुडविणारे नव्हते. शेतसारा ते वेळेवर भरीत. शेताची मालकी त्यांना समजत होती. हवेतले गाणे कोणाच्या मालकीचे आणि त्याचे पैसे कशाबद्दल, हे त्यांना कोणी समजावून दिले नव्हते.

ह्या ठिकाणी एका मराठी माणसाचे नाव घ्यावे लागते. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे; १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते केंद्रात नभोवाणीखात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच चित्रपटसंगीत नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले. लोकांनी काय केले? त्यांनी काटा फिरवून सिलोन लावले. मद्रासहून कोलंबो हाकेच्या अंतरावर. तेथून तमिळ आणि हिंदी दोन्ही गाणी येत. दिल्लीने १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू केली ती ह्या धड्यानंतर. पण मधल्या पाच वर्षांत परवान्याची गंमत अशी झाली की, मद्रासचा श्रोता सिलोन ऐकत होता आणि फी मात्र भारत सरकारास देत होता. कारण फी केंद्रावर नव्हती, खोक्यावर होती. केसकरांच्या अभिरुचीविषयी मला आदर आहे, आणि त्यांनी चालविलेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे ऋण दक्षिणोत्तर गवई मानतात. प्रश्न अभिरुचीचा नव्हता. पैसे देणाऱ्यास विचारावे लागेल अशी जागाच त्या व्यवस्थेत कोठे नव्हती, हे खरे दुखणे.

मद्रासेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांस हे अधिकच जाणवले असेल. केंद्राचे कार्यक्रम मुख्यतः तमिळ; ते तसेच असावेत ह्यात वाद नाही. परंतु कीर्तन किंवा नाट्यगीत कानी पडावे म्हणून रात्री मुंबईचे केंद्र धरण्याची खटपट करीत खरखरीतून शब्द वेचावे लागत, असे येथील जुन्या मंडळींकडून मी ऐकले आहे. फी मात्र पुण्यात जेवढी तेवढीच.

हिशेबाच्या कामात दिवस घालविणाऱ्या आम्हां लोकांस आणखी एक गोष्ट चटकन दिसते. टपालखाते गोळा करी ती रक्कम नभोवाणीच्या तिजोरीत जात नसे. ती सरकारच्या संचित निधीत जमा होई, आणि नभोवाणीस खर्चापुरते अनुदान संसदेच्या मंजुरीने निराळे मिळे. म्हणजे ती नावाने फी, स्वरूपाने कर. इंग्लंडातील फीचे समर्थक म्हणतात, श्रोत्याच्या पैशावर उभी राहिलेली संस्था सरकारपुढे वाकत नाही. बी. बी. सी. १९२७ पासून सनदेखाली स्वतंत्र महामंडळ आहे, त्यामुळे तेथे ह्या युक्तिवादास वजन आहे. आपल्याकडे फी होती, स्वतंत्र संस्था नव्हती. मद्रासेत दूरचित्रवाणी आली ती १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणी पुकारून दोन महिनेही झाले नसताना. संचाचा परवाना वर्षाला पन्नास रुपये. ते पन्नास रुपये भरून नागरिकाने पाहावयाचे काय, तर सरकार जे दाखवील ते. पुढल्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून जाहिरातीही सुरू झाल्या, म्हणजे फीही द्या आणि साबणही पाहा.

१९८५ साली परवाने गेले तेव्हा कोणी हळहळले नाही. लाखो ट्रान्झिस्टर शेताच्या बांधावर आणि सायकलच्या दांडीवर फिरत होते; त्यांच्या मागे तपासनीस धावणार किती? स्वतंत्र महामंडळ मात्र १९९७ साली आले, म्हणजे फी जाऊन बारा वर्षे झाल्यावर. ज्या पैशाने त्याचे स्वातंत्र्य राखता आले असते, तो मार्ग तोवर बुजला होता, आणि प्रसार भारती आजही अनुदानासाठी दिल्लीकडे पाहते. हे दोन्ही एकाच वेळी घडावयास हवे होते असे मला वाटते: फी ठेवावयाची तर संस्था श्रोत्यांची करावयाची, आणि संस्था सरकारी ठेवावयाची तर फी मागावयाची नाही.

ह्या शहराची पुढची कथा अधिकच उलटी आहे. १ सप्टेंबर २००३ पासून चेन्नईत सशुल्क वाहिन्यांसाठी घरोघर डबा बसवून पैसे मोजण्याची पद्धत आली. २००६ साली द्रमुक सरकारने गरीब कुटुंबांस रंगीत संच फुकट वाटण्यास आरंभ केला. ज्या वस्तूच्या नुसत्या मालकीवर एके काळी दंड होता, ती आता सरकारच दारात आणून देऊ लागले. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ साली ह्या वाटपास हरकत घेतली नाही. पण फुकट संच फुकट चालत नाही. २०११ साली राज्य सरकारच्या केबल महामंडळाने महिना सत्तर रुपये दर ठेवला, तेव्हा लोकांनी तो स्वस्त म्हणून आनंदाने दिला. वर्षाचे आठशेचाळीस होतात. जुन्या पन्नासाशी तुलना करताना महागाई ध्यानात घ्यावी हे खरे. तरी पन्नास रुपये जाचक वाटले आणि आठशेचाळीस वाटले नाहीत, ह्याचे कारण केवळ महागाईत नाही. नको असेल तर केबल तोडता येते; परवान्यातून सुटण्यास रेडिओच विकावा लागे.

मामांशी मी हे सारे बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. परवान्याचे पुस्तक खिडकीत वाळत होते. मागची काही पाने कोरी होती. त्यांच्या घरी रेडिओ आला तो ते कॉलेजात असताना. त्याआधी काय करीत होता, असे मी विचारले.

“पार्कात जात होतो,” ते म्हणाले. उद्यानात एक लहानशी चौकोनी खोली असे, तिच्या जाळीआड रेडिओ आणि वर कर्णा. सायंकाळी माळी कुलूप काढून तो लावी, आणि बातम्या संपल्या की बंद करी. तमिळनाडूतील गावोगावच्या उद्यानांत ही व्यवस्था पुढेही बरीच वर्षे टिकून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरावयास जाताना मामांनी मला ती खोली दाखविली. जाळी गंजली आहे, कर्णा नाही. आत माळ्याच्या झाडण्या आणि पाण्याची नळी ठेवलेली होती.