मोटारीतील व्होल्टेजचे वाचन : डायनॅमोपासून संगणक-नियंत्रित अल्टरनेटरपर्यंत

मोटारीची बॅटरी आणि तिला चार्ज करणारी यंत्रणा यांतील बिघाड शोधताना आज सर्वप्रथम व्होल्टमीटर लावला जातो. परंतु त्यावरील कोणता आकडा नेहमीचा आणि कोणता विपरीत, याचे उत्तर प्रत्येक काळातील यंत्ररचनेने वेगवेगळे दिले आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांचा पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युतघट तयार केला, आणि कामी फोर याने 1881 मध्ये शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन त्याची साठवणक्षमता वाढवली. अशा एका घटाचा विद्युतदाब पूर्ण भरलेल्या अवस्थेत सुमारे 2.1 व्होल्ट असतो. ही मर्यादा रसायनशास्त्राने घातलेली असल्यामुळे सहा घटांच्या, म्हणजे व्यवहारात 12 व्होल्टच्या म्हटल्या जाणाऱ्या बॅटरीचा स्थिर दाब 12.6 व्होल्टच्या आसपास राहतो आणि तो दीडशे वर्षांत बदललेला नाही. बदलत गेली ती त्या बॅटरीला चार्ज करण्याची रीत.

चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक गाडीत बसवला गेला. तोपर्यंत हँडल मारून इंजिन सुरू करता येत होते आणि दिवे बहुधा ॲसिटिलीन वायूवर जळत. त्यामुळे बॅटरीवाचून गाडीचे अडत नसे. स्टार्टरमुळे बॅटरी अपरिहार्य झाली आणि तिच्याबरोबर इंजिनच्या पट्ट्याने फिरणारा डायनॅमोही आला. आरंभीच्या अनेक डायनॅमोंत दोन मुख्य ब्रशांखेरीज तिसरा, सरकवता येणारा ब्रश असे व त्याच्या जागेवरून विद्युतप्रवाहाचे प्रमाण ठरत असे. म्हणजे नियंत्रण प्रवाहावर होते, दाबावर नव्हते. दाब आटोक्यात ठेवण्याचे काम स्वतः बॅटरीच करीत असे. तिचे टर्मिनल सैल झाले किंवा तिच्यातील रोध वाढला, तर दाब एकदम चढून दिव्यांचे बल्ब उडत. जळलेले बल्ब हे त्या काळी सैल जोडणीचे लक्षण असू शके, आणि कारागिराची खरी साधने होती डॅशबोर्डावरील ॲमीटर व ॲसिडची ग्रॅव्हिटी मोजणारे हायड्रोमीटर.

पुढे कंप पावणाऱ्या संपर्कबिंदूंचा रेग्युलेटर आला, जो डायनॅमोच्या चुंबकीय वेटोळ्यातील प्रवाह क्षणोक्षणी तोडून-जोडून दाब मर्यादेत ठेवी. त्याच पेटीत कटआउट असे, म्हणजे डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा कमी होताच दोहोंचा संबंध तोडणारा स्विच. तो चिकटला की बॅटरीचा प्रवाह उलटा डायनॅमोत शिरून ती उतरत असे आणि डायनॅमो जळण्याची वेळ येई. संपर्कबिंदू काळे पडले की चार्जिंगचा आकडा बिघडे, आणि ते पॉलिश पेपरने घासून स्प्रिंगचा ताण जुळवणे हे कौशल्य ऑटो इलेक्ट्रिशियनच्या धंद्याचा कणा होते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट 1100 गाड्यांवर डायनॅमोच होता. इंजिन मंद फिरत असता डायनॅमो बॅटरी चार्ज करू शकत नाही. त्यामुळे सिग्नलवर थांबलेल्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागणे आणि दाब 12 व्होल्टच्या घरात उतरणे हा बिघाड नव्हता, यंत्राचा स्वभाव होता. हेच लक्षण पुढच्या पिढीच्या गाडीत मात्र निश्चित दोष ठरते.

ही पुढची पिढी सिलिकॉन डायोडमुळे आली. क्रायस्लर कंपनीने 1960 च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला. यात मुख्य प्रवाह स्थिर वेटोळ्यात निर्माण होतो व डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारे घटक, त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात; उलटा प्रवाह तेच अडवत असल्यामुळे कटआउटची गरज उरली नाही आणि मंद इंजिनवरही चार्जिंग होऊ लागले. चालू इंजिनवर 13.8 ते 14.4 व्होल्ट ही प्रचलित कसोटी या काळात पक्की झाली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात हाताळायला सोपे डिजिटल मल्टिमीटर आले आणि दशांशातील फरक कोणालाही दिसू लागला.

या अचूकतेने निदान सूक्ष्म झाले, तशी चूकही सोपी झाली. नुकत्याच चाललेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.9 व्होल्ट दिसले तरी तो पट्ट्यांच्या पृष्ठभागावरील चार्ज असतो. काही मिनिटे हेडलाइट लावून मग मोजल्यावर खरी स्थिती कळते. स्थिर दाब 10.5 व्होल्टच्या आसपास थांबला असेल तर बहुधा एक घट शॉर्ट झालेला असतो. अल्टरनेटरवर 14.4 आणि बॅटरीवर 13.4 दिसत असतील तर अल्टरनेटर निर्दोष असून एक व्होल्ट गंजलेल्या टर्मिनलमध्ये किंवा खराब अर्थमध्ये खर्ची पडत असतो. 15 च्या वर गेलेला आकडा जुन्या गाडीत रेग्युलेटर निकामी झाल्याचे सांगतो, आणि अशा बॅटरीचे पाणी उकळून लवकर आटते. डायोड जळल्यास दाब वरवर ठीक राहतो, पण भार पडताच तो कोसळतो. त्यासाठी मीटर प्रत्यावर्ती प्रवाहाच्या श्रेणीवर ठेवून तपासावे लागते आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा मोठे वाचन संशयास्पद मानले जाते. एवढी तपासणी न करता बॅटरीच बदलण्याची प्रथा ग्राहकावर अन्याय करणारी आहे.

एकविसाव्या शतकातील अनेक गाड्यांत अल्टरनेटरचा दाब इंजिनचा संगणक ठरवतो. इंधन वाचवण्यासाठी सरळ रस्त्यावर तो 12.6 च्या आसपास उतरवला जातो आणि वेग कमी होताना 15 पर्यंत चढवला जातो, तर बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरील सेन्सर तिच्या स्थितीची नोंद ठेवतो. अशा गाडीत 13.8 ते 14.4 ची जुनी कसोटी लावल्यास धडधाकट अल्टरनेटरही दोषी ठरतो. म्हणून वाहनधारकाने नवा अल्टरनेटर विकत घेण्यापूर्वी हेडलाइट व पंखा चालू ठेवून दाब पुन्हा मोजून घ्यावा आणि तो आकडा आपल्याच गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा.