झाशीचा खडक आणि ऑर्किडचा पराग

झाशीचा किल्ला १६१३ मध्ये राजा वीरसिंहदेवाने बांधविला आणि पुढे पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी तो वाढविला. पण त्याखालचा बुंदेलखंडी ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. वितळलेल्या रसापासून थिजलेल्या या पाषाणात फुलाचा मागमूस सापडावयाचा नाही. त्यासाठी दक्षिणेस, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे जावे लागते. तेथे दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांचा गाळ दगड होऊन राहिला आहे. त्यातील सूक्ष्म वनस्पती-अवशेषांचा अभ्यास नागपूरच्या डॉ. श्या चितळे यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. पराग इतका टिकतो तो स्पोरोपोलेनिन या द्रव्याच्या बाह्यकवचामुळे. तीव्र आम्लांनाही ते सहसा दाद देत नाही.

निसर्गाच्या या दप्तरात ऑर्किडची नोंद मात्र जवळजवळ नाही. आंब्याच्या फांदीवर वाढणारी रास्ना घ्या, की सह्याद्रीतील सीतेची वेणी. यांचा पराग सुटा नसतो. असंख्य कण एकत्र राहून त्यांचा परागपुंज बनतो, तो कीटकाच्या अंगाला चिकटतो आणि अख्खाच्या अख्खा दुसऱ्या फुलाकडे नेला जातो. वाऱ्यावर काही उधळत नाही, तेव्हा तळ्यात पडणार काय? शिवाय अनेक जातींत टिकाऊ कवच पुंजाच्या बाहेरच्या बाजूलाच असते. आतले कण उघडेच म्हणावेत.

डार्विनने ऑर्किडांवरील आपला ग्रंथ १८६२ मध्ये प्रसिद्ध केला. फुलात पेन्सिलीचे टोक घालून तो परागपुंज बाहेर काढी. टोकाला चिकटलेला पुंज अर्ध्या मिनिटात पुढे वाकतो आणि दुसऱ्या फुलाच्या कुक्षीशी नेमका भिडतो, हे त्याने दाखविले. जिवंत फुलाविषयी एवढे कळले, तरी पुराणा पुरावा हाती येण्यास २००७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सांतियागो रामीरेझ व त्यांचे सहकारी यांनी डोमिनिकन प्रजासत्ताकातील तृणमण्यात, म्हणजे अश्मीभूत राळेत, अडकलेल्या एका मधमाशीचे वर्णन केले. दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीच्या त्या बिननांगीच्या माशीच्या पाठीवर परागपुंज जसाच्या तसा होता. माशी राळेत रुतली, म्हणून तो उरला. एरवी फुलाबरोबर कुजून गेला असता.

या परागपुंजाच्या आधारे आजच्या ऑर्किडांचा समाईक पूर्वज ७.६ ते ८.४ कोटी वर्षांपूर्वीचा ठरविण्यात आला. म्हणजे मोहगावच्या तळ्यांत गाळ साचत होता, तेव्हा पृथ्वीवर कोठे ना कोठे ऑर्किड फुलत होते. त्या गाळात त्यांचा पराग मिळाला नाही, तरी ते आसपास नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही.